टी-शर्टवर नाव छापण्याआधी



आम्ही मुंबईतल्या वरळीच्या बीडीडी चाळीतल्या बायका. टी-शर्ट, टोप्या, झेंडे शिवून आणि छापून द्यायचं काम आमचा गट करतो. आज रेडिओवर बोलावलंय ते एका प्रश्नासाठी. गावोगावच्या बचत गटांना हल्ली कुणी ना कुणी सुचवतं, की पापड-लोणच्यात आता काही राहिलं नाही, क्रिकेटच्या जर्सी करा, आवडत्या संघाचे टी-शर्ट करा, हिरोचा फोटो छापलेले कप करा, पोरं डोळे झाकून घेतात. हे खरं का, आणि त्यात गटाचे पैसे घालावेत का?

पोरं डोळे झाकून घेतात हे अगदी खरं. पण किती दिवस घेतात, ते सुचवणारा सांगत नाही.

आधी आमची जागा सांगतो, म्हणजे आम्हाला हा धंदा कुठून दिसतो ते कळेल. बीडीडी चाळी इंग्रजांच्या काळात, १९२०च्या दशकात बांधलेल्या. एकट्या वरळीत अशा १२१ चाळी. एका चाळीत ऐंशी खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. आता पुनर्विकास चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना टॉवरमध्ये ५०० चौरस फुटांची घरं मिळाली, बाकीचे वाट बघतायत. चाळींच्या मधोमध जांबोरी मैदान. गोपाळकाल्याला तिथे मोठी दहीहंडी लागते, आणि गोविंदा पथकांचे रंगीबेरंगी टी-शर्ट गल्लीगल्लीतून वाहत असतात. वरळीतच एनएससीआयचं बंदिस्त स्टेडियम आहे. वानखेडे स्टेडियम थोडं लांब, पण लोकलने अर्ध्या तासाच्या आत. त्यामुळे चाहत्यांचा माल कसा उठतो आणि कसा पडून राहतो, हे आम्हाला दारातच बघायला मिळतं.

कबड्डीचंच घ्या. वरळी, लालबाग, परळ हा गिरणगावाचा पट्टा कबड्डीचा वेडा. प्रो कबड्डी लीग सुरू झाली तीच आमच्या वरळीत, त्या बंदिस्त स्टेडियमवर, २६ जुलै २०१४ला. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०१५ला, मुंबईच्या यू मुंबा संघाने त्याच जागी बेंगळुरूला ३६-३० असं हरवून करंडक जिंकला. त्या दिवसांत नारिंगी टी-शर्टला केवढं मोल होतं! एखादीने तेव्हा हिशोब केला असता की दर वर्षी एवढा माल खपणारच, तर तिला वेडी कोण म्हणालं असतं?

मग २०२० साली करोनामुळे ती स्पर्धाच झाली नाही. डिसेंबर २०२१ला झाली ती सगळी बेंगळुरूत, प्रेक्षकांविना. नंतर मुंबईत सामने आलेही, पण २०२४ला सामने झाले हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात. २०२५ला विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्लीत. संघ मुंबईचा, चाहते मुंबईचे, सामना मात्र मुंबईत नाही. दाराबाहेर टी-शर्ट घेऊन उभं राहायचं तर कुठल्या दाराबाहेर? यात विकणारीचा काही दोष नाही. तारीख आणि जागा ठरवणारी माणसं दुसरीच असतात, आणि ती आपल्याला विचारून ठरवत नाहीत.

क्रिकेटमध्ये हेच, फक्त आकडे मोठे. १९ नोव्हेंबर २०२३ला अहमदाबादला विश्वचषकाची अंतिम लढत होती. भारत एकही सामना न हरता तिथवर आला होता. त्या सकाळी निळ्या जर्सीला जी किंमत होती ती रात्री राहिली नाही. उलट २९ जून २०२४ला भारताने ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला आणि ४ जुलैला मरीन ड्राइव्हवर मिरवणूक निघाली. मुंगीला शिरायला जागा नाही एवढी गर्दी. ज्याच्या हातात त्या दिवशी निळा टी-शर्ट किंवा झेंडा होता त्याचा विकला गेला. पण ती मिरवणूक निघणार हे महिनाभर आधी कुणाला माहीत होतं? मध्ये मिळाले चार-पाच दिवस. जवळ कोरा माल आणि ओळखीचा छापणारा असेल तर तेवढ्यात काही जमतं, एरवी नाही. आणि मे २०२५ची आयपीएल आठवा. सीमेवर तणाव वाढला म्हणून ९ मेला स्पर्धा आठवडाभरासाठी थांबवली, १७ मेला पुन्हा सुरू झाली, तारखा आणि मैदानं बदलून. त्या आठवड्यासाठी माल भरलेल्यांचं काय झालं असेल, विचार करा.

पापडाचं तसं नसतं. या प्रदर्शनात उरला तर पुढच्या बाजारात जातो, तिथेही उरला तर घरात खपतो. नाव आणि साल छापलेला टी-शर्ट दुसऱ्या दिवशी फरशी पुसायच्या फडक्याच्या भावाला येतो.

नावाचीसुद्धा एक गंमत आहे. खेळाडू संघ बदलतात. हार्दिक पांड्या नोव्हेंबर २०२३ मध्ये गुजरातच्या संघातून मुंबईकडे आला. गुजरातच्या रंगावर त्याचं नाव छापून ठेवलेला माल त्या दिवसापासून जुना झाला. नुसतं प्रायोजकाचं नावही बदलतं. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला, आणि भारतीय संघाच्या छातीवरचं ड्रीम इलेव्हन हे नाव गेलं. सप्टेंबरात त्या जागी अपोलो टायर्स आलं. पोरांची नजर फार बारीक असते हो. ‘काकू, ही जुनी जर्सी आहे,’ असं म्हणून निम्म्या भावात मागतात.

आता पैशाकडे येऊ. हे आकडे समजुतीपुरते धरलेत, तुमच्या बाजारातले भाव घालून पुन्हा मांडा. वही-पेन असेल तर लिहून घ्या.

समजा कोरा टी-शर्ट ११० रुपयांना पडला. छपाई ४० रुपये. पिशवी, गाडीभाडं, चहापाणी धरून १० रुपये. म्हणजे एकाला १६० रुपये. विकायचा २५० ला. एकामागे ९० सुटतात, शंभर केले तर नऊ हजार. सुचवणारा एवढंच सांगतो आणि थांबतो.

पण शंभर करायला आधी सोळा हजार रुपये बाहेर गेले. आता समजा संघ हरला आणि चाळीसच विकले गेले. त्याचे आले दहा हजार. उरलेले साठ नंतर ६० रुपयांनी काढले तर तीन हजार सहाशे. एकूण तेरा हजार सहाशे. दोन हजार चारशेचं नुकसान, आणि आपली मजुरी यात धरलेलीच नाही. समजा पावसाने सामनाच धुऊन नेला आणि दहाच गेले. अडीच हजार त्याचे, नव्वदांचे साठच्या भावाने पाच हजार चारशे, म्हणजे हातात सात हजार नऊशे. नुकसान आठ हजार शंभर. म्हणजे सगळं जुळून आलं तर नऊ हजार मिळणार, आणि एक पाऊस पडला तर जवळजवळ तेवढेच जाणार.

आम्ही बायका मालाला हात लावण्याआधी एकच आकडा काढतो: कितवा टी-शर्ट विकला की आपले पैसे सुटले? वरच्या उदाहरणात उरलेला माल साठ रुपयांनी जाईल असं धरलं तर उत्तर येतं त्रेपन्न. उरलेला कुणी घेणारच नसेल तर चौसष्ट. मग एकमेकींना विचारतो, संघ हरला तरी त्रेपन्न जातील का? ‘जातील की,’ असं उत्तर आलं तर पुढचा प्रश्न, कुणाला? त्या माणसांची नावं सांगता येत नसतील तर तो अंदाज नाही, ती आशा आहे.

यात दोन बारीक खर्च बायका विसरतात. एक, कोऱ्या मालाच्या बिलावर भरलेला जीएसटी. आपली उलाढाल लहान, आपली नोंदणी नसते, त्यामुळे तो परत मिळत नाही. तो खर्चातच धरायचा. दुसरा म्हणजे मापं. शंभर टी-शर्ट म्हणजे एका मापाचे शंभर नव्हेत. अडतीस-चाळीस-बेचाळीस संपतात, अगदी लहान आणि अगदी मोठे उरतात. शेवटच्या तासाला गिऱ्हाईक असतं आणि माल असतो, फक्त दोघांचं माप जुळत नाही.

आणि माल ठेवायचा कुठे? १६० फुटांच्या खोलीत कॉटखाली दोन गोणी मावतात. पावसाळ्यात भिंतीला ओल, कापडाला वास. तुमच्याकडे जागा असेल, पण उंदीर आमच्याइतकेच असणार.

यावरून आम्ही एक सवय लावून घेतली. कोरा टी-शर्ट कोराच ठेवायचा. कोरा पांढरा, काळा, निळा टी-शर्ट आज नाही तर उद्या विकला जातो, शाळेला जातो, कंपनीला जातो, घरातल्या पोरालाही चालतो. छाप पडली की त्याला एकच गिऱ्हाईक उरतं. म्हणून पैसे हातात आल्याशिवाय छाप नाही. स्क्रीन छपाईत प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते, तिचा खर्च दहा टी-शर्टलाही तेवढाच आणि दोनशेलाही तेवढाच. त्यामुळे ‘आधी थोडे छापून बघू’ हे स्क्रीनमध्ये महाग पडतं. थोडेच हवे असतील तर डीटीएफ छपाई विचारा. तिला स्क्रीन लागत नाही, एक नगसुद्धा होतो, नगामागे दर मात्र जास्त.

आता कायद्याचं. इथे आम्ही जरा थांबून बोलणार आहोत, कारण सगळ्यात मोठा धोका इथे आहे आणि तो कुणी मोजत नाही.

संघाचं चिन्ह, कंपनीचा शिक्का, हिरोचा फोटो, खेळाडूचं नाव, या गोष्टींना मालक आहेत. परवानगीशिवाय दुसऱ्याचं चिन्ह लावून माल करणं किंवा विकणं हा ट्रेडमार्क कायदा, १९९९ प्रमाणे गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत, दंड पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत. चित्र किंवा कार्टून उचललं तर कॉपीराइट कायदा, १९५७ लागतो, त्यातही शिक्षा तेवढीच. आपल्या खात्यात आठ-दहा हजारांचा नफा, समोर पन्नास हजारांचा दंड. शिवाय माल जप्त. तो सोळा हजारांचा हिशोब तिथेच संपला. ‘रस्त्यावर तर सगळेच विकतात,’ असं म्हणणाऱ्या बायका भेटतात. विकतात. पण फेरीवाला गाठोडं उचलून पळतो. आपल्या गटाचं नाव, बँक खातं, अध्यक्ष-सचिवांच्या सह्या सगळं कागदावर असतं. आपण पळून कुठे जाणार?

तयार माल आणून विकत असाल तर बिल घ्याच. आपल्याला शंका यायचं कारण नव्हतं, आपण खबरदारी घेतली होती आणि माल कुणाकडून आला ते आपण सांगितलं, असं दाखवता आलं तर कायदा विकणाऱ्याला वाट देतो. पण मोठ्या कंपनीचा शिक्का असलेली जर्सी सव्वाशे रुपयांना मिळाली आणि शंका आली नाही, हे कोण मानेल?

हिरो-गायकांचंही तसंच. गायक दलेर मेहंदी यांच्यासारख्या दिसणाऱ्या, त्यांच्या गाण्याची ओळ म्हणणाऱ्या बाहुल्या दिल्लीतली काही दुकानं विकत होती. २०१०ला दिल्ली उच्च न्यायालयाने ते थांबवलं आणि एक लाखाची भरपाई लावली. बाहुली ती, खेळणं! २०२४ला जॅकी श्रॉफ यांनीही आपलं नाव, फोटो, बोलण्याची लकब विनापरवाना मालावर वापरू नये म्हणून त्याच न्यायालयाकडून मनाई मिळवली. चाळीतून वर आलेला माणूस तो, आम्हाला त्याचं कौतुकच आहे. पण कौतुक वेगळं आणि त्याचा फोटो विकणं वेगळं.

झेंड्याचं आणखी निराळं. ऑगस्ट २०२२ला हर घर तिरंगा मोहिमेत देशभरच्या बचत गटांनी झेंडे शिवले. ते चांगलं काम होतं, कारण मागणी सरकारी होती आणि आधी ठरलेली होती. मात्र सामन्यासाठी तिरंग्याच्या वस्तू करताना जपा. तिरंग्यावर काहीही लिहायचं नाही, ‘भारत जिंकणार’ हेसुद्धा नाही. रुमाल, उशी, आतले कपडे किंवा कमरेखालच्या कपड्यावर तो छापायचा किंवा भरायचा नाही. १९७१च्या कायद्यात यासाठी तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. निळा कपडा आणि त्यावर साध्या अक्षरात ‘भारत’, एवढ्याने पोरांचं काम भागतं आणि आपलंही.

मग आम्ही करतो काय? ऑर्डरीचं काम. गोविंदा पथकं, गणपती मंडळं, गल्लीतले क्रिकेटचे आणि कबड्डीचे संघ. नाव त्यांचं, चिन्ह त्यांचं, घेणारेही तेच. किती आणि कुठल्या मापाचे, हे छापायच्या आधी कळतं. नफा कमी असतो, हे सरळ सांगतो. समजा साठ टी-शर्ट, दोनशे रुपये भाव. बारा हजार येतील, नऊ हजार सहाशे खर्च. सुटले दोन हजार चारशे. सामन्याच्या बाहेर विकून साठांवर पाच हजार चारशे सुटले असते. पण इथे सामना कोण जिंकलं याच्याशी आपला संबंध नाही.

तरी धोका इथेही आहे, त्याचं नाव उधारी. पथकाच्या टी-शर्टवर बहुतेक वेळा कुणा पुढाऱ्याचं किंवा दुकानदाराचं नाव असतं आणि पैसे तोच देणार असतो. ‘काकी, हंडी झाली की लगेच.’ हंडी होते, मग गणपती येतात, मग नवरात्र. पोरं आपलीच, डोळ्यांसमोर वाढलेली, भांडायचं कुणाशी? म्हणून अ‍ॅडव्हान्स किती घ्यायचा ते आमच्या हिशोबाने ठरतं, गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून नाही. वरच्या साठ टी-शर्टांवर निम्मे पैसे आधी घेतले तर सहा हजार. आपले तीन हजार सहाशे अडकले, म्हणजे मिळणाऱ्या नफ्यापेक्षा जास्त. बारा हजारांपैकी नऊ हजार सहाशे आधी घेतले तर बाकी बुडाली तरी मेहनत जाते, गाठीचा पैसा जात नाही. एवढं कुणी देत नसेल तर निदान कोऱ्या मालाचे आणि छपाईचे पैसे आधी, आणि उरलेले माल हातात देताना. पैसे कुणाकडून येणार, मंडळाकडून की पुढाऱ्याकडून, तेही कागदावर. मराठी नावांचा ऱ्हस्व-दीर्घ मंडळाच्याच माणसाकडून तपासून सही घ्यायची. ‘क्रीडा’मधली वेलांटी चुकली की साठच्या साठ परत येतात, आणि ते दुसऱ्या कुणालाच चालत नाहीत.

गटाचा पैसा किती लावायचा यावर आमच्यातही वाद होतात. आमच्यातल्या एकीचं म्हणणं, धोका घेतल्याशिवाय धंदा वाढत नाही. ते बरोबर आहे. फक्त धोका कुणाच्या पैशाचा, हे आधी ठरावं. बायकांची दरमहाची बचत यात घालायची नाही. शेकडा दोनच्या व्याजाने उचललेलं कर्जही नाही, कारण माल विकला गेला नाही तरी हप्ता थांबत नाही. मागच्या कामांत जे सुटलं त्यातला काही हिस्सा घाला, आणि तो सगळा गेला तरी कुणाच्या घरची चूल अडणार नाही एवढाच. शिवणारणीची मजुरी माल विकल्यावर द्यायची, ही पद्धत आम्हाला मान्य नाही. तिने काम केलं, तिचे पैसे झाले. नुकसान झालं तर ते कुणी किती सोसायचं हे बैठकीच्या वहीत आधी लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. नंतर लिहायला बसलात तर वहीपेक्षा आवाजच मोठे होतात.

तुमच्या गावाला स्टेडियम नाही, पण चाहते आहेतच. यात्रेतली कुस्ती, गावोगावच्या कबड्डी स्पर्धा, बैलगाडा शर्यती. बैलाच्या नावाचे टी-शर्ट घालून फिरणारी पोरं तुम्ही पाहिली असतील. त्या शर्यतींवर २०१४ला सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली होती, डिसेंबर २०२१ला महाराष्ट्रात परत परवानगी मिळाली आणि मे २०२३ला घटनापीठाने ती कायम केली. आजही प्रत्येक शर्यतीला प्रशासनाची परवानगी लागते. तेव्हा यात्रा कमिटीकडे जाऊन परवानगी झाली का हे आधी विचारा. बैलाच्या मालकाला विचारा, त्याच्याच बैलाचं नाव आहे, तो आनंदाने ऑर्डर देईल. यात्रेत उभं राहून विकण्यापेक्षा तिथे आधी जा.

आणि एक मागणी आम्हाला अलीकडे जास्त दिसते, ती मुलींची. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत आपल्या मुलींनी विश्वचषक जिंकला. स्मृती मानधना तर सांगलीची. शाळेतल्या मुली आता खेळाचे टी-शर्ट मागतात, आणि बाजारात मिळतात ते मुलांच्या मापाचे, खांद्यावरून उतरणारे. अठ्ठावीस ते चौतीस मापाचे, नीट बसणारे, खाली साधी ट्रॅक पँट, वर शाळेचं किंवा गावाचं नाव. शिवता येणाऱ्या गटाला हे जमण्यासारखं आहे. शाळेच्या संघाला बारा-पंधरा नग लागतात, म्हणजे पैसा थोडाच अडकतो. मुख्याध्यापकांना एवढंच विचारा की पैसे शाळेच्या अनुदानातून येणार की पालकांकडून. अनुदानातून येणार असतील तर ते कधी जमा होतं, तेही विचारून घ्या. कापड त्यानंतर फाडा.